सोबत कोण आहे?

१

उन्हाळ्यातली सोलापूरची दुपार म्हणजे गावावर झाकण ठेवल्यासारखी. गिरणीचा भोंगा वाजून पाळी सुटते, शुक्रवार पेठेतले दुकानदार फळ्या लावून आडवे होतात आणि इस्पितळाच्या आवारातली कुत्रीसुद्धा नळाखालच्या ओलीत पसरतात. शहाण्या माणसाने त्या वेळी झोपावं. पण डॉक्टर ज्ञानू बंडगरला दुपारची झोप म्हणजे पाप वाटायचं. शेवटचा घास तोंडात असतानाच तो उठायचा आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला, जुन्या क्ष-किरण खोलीकडे जवळजवळ पळत जायचा. तिथे आप्पा बसलेले असायचे.

आप्पा म्हणजे माणूस नव्हे, संगणक. साल अठ्ठ्याहत्तर. संगणक हा शब्दसुद्धा सोलापुरात कोणी धड ऐकला नव्हता. प्रोफेसर चनबसप्पा बिराजदार परदेशातून परतले ते हे धूड घेऊनच. कपड्यांच्या लोखंडी कपाटाएवढं अंग, पुढे एक टाइपरायटर, त्याला कागदाची जाडजूड गुंडाळी. आपण प्रश्न टाइप करायचा आणि टाइपरायटरने आपलं आपण खडखडून उत्तर छापायचं. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. आप्पांना दोन कामं यायची. विद्यार्थ्यांसाठी ते रुग्ण व्हायचे; त्यांना कुठे दुखतं, कधीपासून दुखतं ते विचारायचं आणि रोग ओळखायचा. डॉक्टरांसाठी ते मोठे डॉक्टर व्हायचे. लक्षणं सांगायची आणि सल्ला घ्यायचा. त्यांना उकाडा सोसत नसे म्हणून खोलीला थंड हवेचं यंत्र बसवलं होतं. गारव्यात ऐसपैस बसून जगाला सल्ले देणारं हे प्रस्थ बघून पोरांनी पहिल्या आठवड्यातच त्याला आप्पा म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे बिराजदार सरांच्याही तोंडात तेच नाव बसलं.

एकदा एका आगाऊ विद्यार्थ्याने पोटदुखीच्या रुग्णाला टाइप करून विचारलं, ‘जेवलात का?’ आप्पांनी छापलं, ‘आज सोमवार आहे.’ सरांचा सोमवारचा उपवास आप्पांच्या पोटात कधी आणि कसा शिरला, कोणालाच आठवेना. तो कागद आठवडाभर वसतिगृहात फिरत होता.

ज्ञानूला तर आप्पांचं वेडच लागलं होतं. पुढच्या महिन्यात दिल्लीहून तज्ज्ञ मंडळी आप्पांना बघायला येणार होती. त्यांच्या पसंतीला उतरले तर आप्पा दिल्लीला जाणार, आणि आप्पांबरोबर ज्ञानू. सांगोल्याकडच्या मेंढपाळाचा पोरगा, अंगावर घोंगडं घेऊन दिव्याखाली शिकलेला, तो दिल्लीला जाणार! नुसत्या विचारानेच त्याला आकाश ठेंगणं व्हायचं.

२

आप्पांना शहाणं करायचं काम दोन वर्षं चाललं होतं. सर डोळे मिटून खुर्चीत बसायचे आणि बोलायचे. बार्शीची वच्छला शिंदे यंत्र चालवायला नेमलेली, तिचे हात टाइपरायटरवर नुसते धावायचे. ज्ञानूचं काम शंका काढायचं. ताप आहे, पोट फुगलंय, मग सर तुम्ही पुढे काय बघता? ते का बघता? ते नाही सापडलं तर? सरांच्या डोक्यात जन्मभर साठलेलं सगळं विहिरीतून उपसावं तसं उपसून आप्पांत ओतलं जात होतं.

एके दिवशी ज्ञानूने एक वेगळीच शंका काढली. आप्पा रोग बरोबर ओळखतात, पण सांगतात कसे? समोरच्याच्या तोंडावर छापून देतात, असाध्य आहे. आपल्याकडे असं कोण सांगतं? आपल्याकडे डॉक्टर तपासून झाला की हात पुसतो आणि विचारतो, सोबत कोण आहे? मग त्या सोबतच्या माणसाला व्हरांड्यात नेतो आणि काय ते त्याला सांगतो.

हे ज्ञानू पुस्तकातून शिकला नव्हता. तो शाळेत असताना त्याच्या आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरने तिला तपासलं आणि तोच प्रश्न विचारला. आबा, म्हणजे ज्ञानूचे वडील, उठून व्हरांड्यात गेले. परत आले ते टॉवेलने तोंड पुसतच. “काय न्हाय, बरं वाटंल म्हनत्यात,” असं म्हणाले. बाजारातून परत जाताना त्यांनी तिला विचारलं, “काय खावंसं वाटतंय का?” आई लाजली, आणि म्हणाली, “जिलबी.” एरवी हाताला घट्ट असलेल्या आबांनी त्या दिवशी पानभर जिलबी घेतली. ज्ञानूलाही मिळाली. जन्मातली पहिली जिलबी! तो भर बाजारात उड्या मारत होता. ती जिलबी कशाची होती ते त्याला पावसाळ्यात आई गेल्यावर कळलं.

सरांना शंका पटली. ते सांगू लागले आणि वच्छला टाइप करू लागली. रुग्णाला म्हणायचं, काळजी करू नका, बरे व्हाल. घरच्या माणसाला वेगळं घ्यायचं. खरं ते त्याला हळू आवाजात सांगायचं. आता पथ्य नको, जे खावंसं वाटेल ते द्या, असं सांगायचं.

“आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा,” सर म्हणाले. “पण ते यंत्राला काय शिकवणार, कप्पाळ?”

वच्छलाचे हात थांबले. ज्ञानूने तिला डोळ्यांनीच खुणावलं, टाक तू. तिने टाइप केलं, ‘नातेवाइकाच्या खांद्यावर हात ठेवा.’ आप्पांनी निमूटपणे ‘समजले’ असं छापलं. तिघंही पोट धरून हसली.

३

चैत्रातल्या एका दुपारी ज्ञानू नेहमीसारखा आप्पांपुढे बसला. दिल्लीकरांसाठी निवडक रुग्णांची तालीम चालली होती. वच्छला डबा खायला गेली होती. खोलीत थंड हवेच्या यंत्राची घरघर, आणि आप्पांच्या पोटातल्या पंख्याचा तो बारीक सूर, जो थोड्या वेळाने ऐकूच येईनासा होतो.

आप्पा आधी नाव विचारायचे. ज्ञानूने नाव टाइप केलं. मग ‘नमस्कार डॉक्टर, रुग्णाची माहिती द्या,’ हे ठरलेलं वाक्य यायचं, एका दमात, पत्र्यावर गारा पडाव्यात तशा आवाजात.

त्या दुपारी गारा पडल्या नाहीत. टाइपरायटर जरा वेळ गप्प राहिला. मग एकेक अक्षर सावकाश, दबकत उमटलं.

‘सोबत कोण आहे?’

ज्ञानूला हसू आलं. सकाळच्या रुग्णाचं काही पोटात राहिलेलं दिसतंय, असं म्हणून त्याने यंत्र बंद केलं. पंख्याचा सूर विझला तशी खोली एकदम मोठी वाटू लागली. त्याने पुन्हा सुरू केलं, पुन्हा नाव टाइप केलं. पुन्हा तोच खोळंबा, आणि तीच दबकती अक्षरं.

त्याने टाइप केलं, ‘कोणी नाही.’

आप्पांनी छापलं, ‘काळजी करू नका. बरे व्हाल. घरच्या माणसाला घेऊन या.’

ज्ञानू हसायला गेला, पण हसू नीट आलं नाही. गारवा जरा जास्तच झालाय असं वाटून तो उठला आणि थंड हवेच्या यंत्राचा खटका कमी करून आला.

४

वच्छला आल्यावर त्याने तिच्यावरच आळ घेतला. तिने आधी शपथ घेतली, मग त्याला बाजूला सारून स्वतः बसली. आप्पा तिच्याशी गुण्यागोविंदाने वागले. नमस्कार, माहिती द्या, सल्ला घ्या. तिने ज्ञानूचं नाव टाइप केलं, तरीही नमस्कार. मग ज्ञानू बसला आणि त्याने वच्छलाचं नाव टाइप केलं. आप्पा गप्प झाले, आणि मग दबकत विचारू लागले, सोबत कोण आहे?

म्हणजे भानगड नावाची नव्हती. भानगड बोटांची होती.

वच्छला दोन पावलं मागे सरली. ज्ञानूचं मात्र उलटंच झालं. त्याच्या छातीत धडधड सुरू झाली, पण ती भीतीची नव्हती. निदान तो तरी तसं म्हणत होता. तो खोलीत येरझारा घालू लागला आणि बोलत सुटला. अगं, लक्षात येतंय का तुझ्या? याला कोणी काही सांगितलेलं नाही. लक्षणं नाहीत, रक्त नाही, फोटो नाही. नुसत्या माणसाच्या टाइप करण्यावरून हा काहीतरी ओळखतोय. चूक असेल तर चूक सापडेल, आणि खरं असेल तर जगात असं कोणाकडे नाही!

“आणि खरं असेल तर तुमचं काय?” वच्छलाने विचारलं.

ज्ञानू थांबला. हा प्रश्न आपल्याला सुचलाच नव्हता, असं त्याच्या तोंडावर दिसलं.

त्याच संध्याकाळी त्याने सरांना सांगितलं. सरांनी यंत्राकडे नंतर बघू म्हणून आधी त्यालाच टेबलावर झोपवलं. हातोडीने गुडघे ठोकले, डोळ्यांत दिवा मारला, छाती ऐकली, पोट दाबलं. दुसऱ्या दिवशी रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला. सगळं ठणठणीत. दगड पचवणारं पोर तू, असं म्हणून सरांनी त्याच्या पाठीत एक थाप घातली. मग ते स्वतः आप्पांपुढे बसले, ज्ञानूला बसवलं, पुन्हा स्वतः बसले. शेवटी चष्मा काढून पुसत म्हणाले की बिघाड आहे, दिल्लीकर यायच्या आत शोधा, नाहीतर भर सभेत आपली शोभा होईल.

ज्ञानूचा जीव भांड्यात पडला खरा. पण थोडाच वेळ. बिघाड म्हटला तर दिल्ली हातची जाणार. बिघाड नाही म्हटलं तर सरांची हातोडी खोटी ठरणार. दोन्हींपैकी काय हवंय, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

५

मग ज्ञानूने आप्पांशी डाव मांडला. रोज दुपारी नवी युक्ती. एका हाताने टाइप करून बघितलं, डोळे मिटून बघितलं, बोटाला चिंधी गुंडाळून बघितलं. आप्पा बधले नाहीत. एकदा त्याने बेधडक लिहिलं, ‘मी नातेवाईक आहे. रुग्ण बाहेर आहे.’

आप्पांनी छापलं, ‘रुग्ण आत आहे.’

हे वाक्य त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. वच्छलाने दोन वर्षांचे सगळे कागद चाळले. कुठेही नव्हतं.

मग वच्छला बसली. ज्ञानू बंडगर यांच्या वतीने आले आहे, असं तिने लिहिलं. आप्पांनी विचारलं, ‘आपण त्यांच्या कोण?’ तिने लिहिलं, ‘सहकारी.’ आप्पांनी लिहिलं, ‘घरचं माणूस पाठवा.’ हे सरांचंच वाक्य, इस्पितळात रोज ऐकू येणारं. तरी ते वाचताना तिने पदर अंगाभोवती ओढून घेतला. तिने ज्ञानूला हात जोडले, आता पुरे करा म्हणाली. या खोलीत मी एकटी बसणार नाही, असंही म्हणाली.

ज्ञानू कसला ऐकतोय! त्याला रात्री झोप लागत नव्हती, आणि त्याला वाटत होतं ती आनंदानेच लागत नाही. आप्पांना काहीतरी माहीत आहे, ते सांगायला तयार आहेत, आणि मध्ये फक्त एक रीत आडवी आलेली आहे. ती रीत त्यानेच घालून दिलेली. आपणच लावलेलं कुलूप, किल्लीही आपल्याच घरात. घरचं माणूस आत बसवायचं, आप्पा काय ते छापतील, आणि कागद निघाला की आत शिरून फाडून घ्यायचा. त्याचं घरचं माणूस जगात एकच होतं, आणि त्याला वाचता येत नव्हतं. म्हणजे तर दुधात साखर. आबांना काही कळायचं नाही, आणि ज्ञानूला सगळं कळेल.

६

आबा दर उन्हाळ्यात घोंगड्या विकायला सोलापूरला यायचे. या खेपेला ज्ञानू त्यांना थेट मोटारतळावरूनच घेऊन आला. वाटेत त्याने समजावलं की एक यंत्र आहे, त्याच्यापुढे नुसतं बसायचं, काही करायचं नाही. आबांनी फार चौकशी केली नाही. पोरगं डॉक्टर झालंय, सांगतंय ते बरोबरच असणार. एवढंच विचारलं, “दुखतंय का काय तुला?”

“न्हाय वो आबा, गंमत हाय,” ज्ञानू म्हणाला.

खोलीच्या दारात आबांनी घोंगड्यांचं गाठोडं टेकवलं आणि पायताण काढलं. ज्ञानूने नको म्हटलं तरी काढलंच. गार हवा अंगावर आल्यावर ते कपाटाकडे बघत राहिले आणि त्यांनी हात जोडले. “आप्पा म्हनत्यात व्हय ह्यास्नी?” असं म्हणून ते खुर्ची सोडून खाली फरशीवरच बसले, उकिडवे.

ज्ञानूने टाइप केलं. बिरू बंडगर, वडील.

या वेळी आप्पांनी वेळ लावला नाही. ‘रुग्णाने बाहेर थांबावे.’

ज्ञानूने दार ओढून घेतलं. बाहेर व्हरांड्यात ऊन भाजत होतं. वच्छला खांबाला टेकून उभी होती. ज्ञानू दाराला कान लावून उभा राहिला. खडखड सुरू झाली की मनात शंभरपर्यंत मोजायचं आणि आत शिरायचं, असं त्याने ठरवलं होतं. तोंडावर हसू होतं, परीक्षेचा निकाल लागायच्या आधी असतं तसं.

खडखड सुरू होईना. आत फक्त ती घरघर आणि तो बारीक सूर. मग तो सूर थोडा खाली उतरला. वीज कमी झाली असेल, असं ज्ञानूने स्वतःला सांगितलं. दिवसाढवळ्या वीज कमीजास्त होतेच की.

मग आबांचा आवाज आला.

“व्हय.”

थोडा वेळ काही नाही. पुन्हा, “व्हय जी.” मग बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम हळू, “आन् वकत किती?”

ज्ञानूचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं राहून गेल्यासारखं. आबा एकटेच बोलत असतील. रानात एकटं राहून म्हाताऱ्या माणसांना सवय लागते. दाराला तळहाताएवढी काच होती. त्याने तिला डोळा लावला.

टाइपरायटर हलत नव्हता. कागद जिथे होता तिथेच होता. आबा उकिडवे बसलेले, टॉवेल तोंडाशी धरलेला, मान एका अंगाला कललेली, हळू बोलणाऱ्याचं ऐकताना कलते तशी. ते मान डोलवत होते. त्यांचा सदरा नेहमीचा, खादीचा, खळ घातलेला, ताठ. फक्त डाव्या खांद्यावर तो चेपला होता. कापड खाली दबलं होतं आणि दबल्या जागेच्या कडेने चार सुरकुत्या पुढे आल्या होत्या. आबा जरा हलले, तरी ती जागा दबलेलीच राहिली.

ज्ञानू बघत राहिला. मग कापड सावकाश वर आलं.

७

त्याने दार उघडलं तेव्हा आबा उठून उभे होते आणि टॉवेलने तोंड पुसत होते. ज्ञानू त्यांना ओलांडून कागदाकडे धावला. ‘रुग्णाने बाहेर थांबावे,’ आणि त्याच्या खाली काही नाही. त्याने गुंडाळी उलगडून बघितली. कोरी.

“आबा, काय झालं?”

“काय न्हाय,” आबा म्हणाले. ज्ञानूकडे न बघता त्यांनी पायताण घातलं, गाठोडं खांद्यावर घेतलं. “बरं वाटंल म्हनत्यात.”

“कोन म्हनतंय, आबा?”

आबांनी वळून कपाटाला पुन्हा हात जोडले. मग ज्ञानूचं मनगट धरलं आणि त्याला बाहेर आणलं. ज्ञानू लहान असताना जत्रेत ते असंच घट्ट धरायचे. वच्छलाने काहीतरी विचारलं, ते ज्ञानूला ऐकूच आलं नाही.

ते दोघे आवारातून रस्त्यावर आले. ज्ञानूचं डोकं अजून चालूच होतं, गिरणीसारखं. सदऱ्याला घडी पडली असेल. आबा मनाशी बोलले असतील. आपण उन्हातून काचेत बघितलं, उन्हातून आत बघितलं की असं दिसतं. सरांनी तपासलंय, रक्त चांगलं आहे, फोटो चांगला आहे. बिघाड आहे, नुसता बिघाड, आणि दिल्लीकर यायच्या आत तो सापडेल. एकेक मुद्दा तो मनातल्या मनात मांडत होता, आणि मुद्दे खरोखरच चांगले होते. आबांना थांबवून एकदा नीट विचारलं असतं तर सगळं सुटलं असतं. पण विचारायला तोंड उघडलं की मनगटावरची पकड घट्ट व्हायची, आणि प्रश्न राहून जायचा.

भोंगा वाजला. दुपार उठली, फळ्या निघू लागल्या. कोपऱ्यावरच्या हलवायाने कढई नुकतीच चढवली होती. आबा तिथे थांबले. घोंगड्यांचं गाठोडं खांद्यावरून उतरवून त्यांनी पायरीवर ठेवलं. आई गेल्यापासून ज्ञानूने त्यांना अशा दुकानासमोर कधी थांबलेलं बघितलं नव्हतं.

“ज्ञानू,” आबा रस्त्याकडे बघत म्हणाले, “काय खावंसं वाटतंय का रं तुला?”

ज्ञानूला ओरडून विचारायचं होतं, काय सांगितलं त्यांनी, किती दिवस, कशाने? तो डॉक्टर होता, त्याला हक्क होता. पण रीत त्याला माहीत होती. तिच्यात रुग्णाला विचारायची सोयच ठेवलेली नव्हती.

“जिलबी,” तो म्हणाला.

आबांनी मान हलवली आणि हलवायाला पानभर घालायला सांगितली.